केनियातील २०२७ ची निवडणूक : शांततेचा जलसा उपयोगाचा, की मोजणीच्या रात्रीची जाग?

अथीकाठचा (धागाकर्ता)

नमस्कार. २००७ च्या ऑक्टोबरमध्ये मी नोकरीनिमित्त नैरोबीला आलो आणि दोनच महिन्यांनी केनियाची ती निवडणूक पाहिली. आमच्या इमारतीचा रखवालदार लुओ समाजाचा होता आणि दूध घालणारा किकुयू समाजाचा. रोज सकाळी फाटकाशी दोघे एकाच किटलीतला चहा पीत. ३० डिसेंबरच्या संध्याकाळी विद्यमान अध्यक्ष, किकुयू समाजाचे म्वाई किबाकी विजयी झाल्याचे जाहीर झाले, तासाभराच्या आत, ऐन दिवेलागणीला, त्यांचा शपथविधीही उरकला आणि दुसऱ्या दिवसापासून दूधवाला यायचा थांबला. पुढच्या दोन महिन्यांत अकराशेहून अधिक माणसे मारली गेली आणि सुमारे सहा लाख लोकांना घरदार सोडावे लागले. कोफी अन्नान यांच्या मध्यस्थीने २८ फेब्रुवारी २००८ रोजी किबाकी आणि त्यांचे प्रतिस्पर्धी, लुओ समाजाचे रायला ओडिंगा यांच्यात समझोता झाला. दूधवाला मार्चमध्ये परत आला, पण चहा त्या दोघांनी पुन्हा एकत्र घेतलेला मी पाहिला नाही.

हे आज लिहिण्याचे कारण असे की पुढची सार्वत्रिक निवडणूक १० ऑगस्ट २०२७ रोजी आहे आणि पूर्व नैरोबीतल्या तरुणांच्या एका गटाने इथल्या आमच्या भारतीयांच्या मंडळाकडे मदत मागितली आहे. त्यांना 'शांततेसाठी मतदान' असा गाण्यांचा जलसा करायचा असून मंच, ध्वनिक्षेपक आणि दोनशे टी-शर्ट हवे आहेत. मंडळातल्या निम्म्या लोकांना हे पुण्यकर्म वाटते आणि उरलेल्यांना नसती उठाठेव. माझी शंका तिसरीच आहे. २००८ मध्ये मारणाऱ्यांत आणि मरणाऱ्यांत तरुणच जास्त होते हे खरे, परंतु शांततेची गाणी कानावर पडली नाहीत म्हणून ते रस्त्यावर उतरले नव्हते. नंतर नेमलेल्या क्रीग्लर आयोगाने स्पष्टच म्हटले की मतांची बेरीज आणि नोंदी इतक्या सदोष होत्या की खरोखर कोण जिंकले ते ठरवणेच अशक्य आहे. जे आयोगाला कळले नाही ते रस्त्यावरच्या पोराला कसे कळावे? तेव्हा विचारतो, आमच्यासारख्यांनी मदत करायचीच झाली तर ती नेमकी कशाला करावी?

शंकासूर

दुसऱ्याच्या मांडवात अक्षता टाकाव्यात आणि जेवून घरी यावे, सप्तपदीत पाय घालू नये. आपल्याकडच्या निवडणुकीत एखाद्या परदेशी मंडळाने टी-शर्ट वाटले असते तर याच संकेतस्थळावर किती धागे निघाले असते, याची कल्पना करून पाहावी.

अथीकाठचा

शंकासूर, आक्षेप रास्त आहे, पण आमच्यापैकी बऱ्याच कुटुंबांकडे केनियाचे नागरिकत्व आहे आणि ते मतदार आहेत. २०१७ मध्ये सरकारने भारतीय वंशाच्या नागरिकांना देशातील ४४ वा समुदाय म्हणून मान्यता दिली. म्हणजे मांडव आमचाही आहे, फक्त आम्ही आजवर मागच्या रांगेत बसत आलो.

दर्यावर्दी

मी काही वर्षे घानात, आक्रा शहरात, एका व्यापारी कंपनीचे हिशेब पाहत होतो. २००८ च्या अध्यक्षीय निवडणुकीची दुसरी फेरी मी तिथे असताना झाली आणि तिच्यातली एक संध्याकाळ अजून डोळ्यांसमोर आहे. आमच्या गल्लीतले मतदान केंद्र म्हणजे शाळेच्या आवारातल्या झाडाखालचे एक टेबल होते. मतदान संपल्यावर तिथेच, सगळ्यांच्या देखत, पेटी उघडली. अधिकारी एकेक मतपत्रिका डोक्यावर उंच धरून चहूबाजूंना दाखवी, आणि भोवती जमलेली पोरे एका सुरात आकडा म्हणत. अंधार पडल्यावर कोणीतरी मोटारीचे दिवे टेबलाकडे वळवले. शेवटी निकालाचा गुलाबी कागद भरला, पक्षप्रतिनिधींनी सह्या केल्या आणि प्रत्येकाला त्याची प्रत मिळाली. तिथे त्या कागदाला सगळे 'पिंक शीट' म्हणतात आणि भाजीवालीलाही तो शब्द माहीत असतो.

त्या फेरीत जॉन अट्टा मिल्स अवघ्या ४०,५८६ मतांनी जिंकले. सत्ताधारी पक्षाचे उमेदवार नाना अकुफो-अडो यांनी पराभव मान्य केला आणि आठ वर्षांनी तेच निवडून आले. इतक्या थोड्या फरकाने देश पेटला नाही, याचे श्रेय अनेक जण घानाच्या लोकांच्या शांत स्वभावाला देतात. मला ते पटत नाही. ज्या पोरांनी स्वतःच्या तोंडाने आकडे मोजले, त्यांना 'आपली मते चोरली' असे सांगून भडकवणे अवघड जाते. शांतता ही त्या मोजणीतून आली.

तेव्हा धागाकर्त्यांना माझे उत्तर सरळ आहे. जलसा करू नका, मोजणीला माणसे उभी करा.

गणितमास्तर

दर्यावर्दींच्या प्रतिसादाला पुरवणी जोडतो. घानात त्याच निवडणुकीत नागरी संस्थांच्या एका आघाडीने समांतर मतगणना केली होती. तिचे तंत्र सोपे आहे. देशभरातली काही मतदान केंद्रे यादृच्छिक पद्धतीने निवडायची, तिथे प्रशिक्षित स्वयंसेवक दिवसभर बसवायचे, केंद्रावर लागलेला निकाल त्यांनी भ्रमणध्वनीवरून मध्यवर्ती कक्षाला कळवायचा आणि त्यावरून राष्ट्रीय निकालाचा अंदाज बांधायचा. हा मतदारांना विचारून केलेला कौल नव्हे, मोजलेल्या मतांवरचा हिशेब आहे, त्यामुळे अंदाज चुकण्याची मर्यादा फारच लहान राहते. स्वयंसेवकांत तरुणांचा भरणा असतो, कारण पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत एका जागी बसण्याची ताकद त्यांच्यातच असते.

मात्र या तंत्राचे देव्हारे माजवू नयेत. २०२२ मध्ये केनियात विल्यम रुटो यांना ५०.४९ टक्के आणि ओडिंगा यांना ४८.८५ टक्के मते मिळाली. तिथल्या समांतर गणनेचा अंदाज अधिकृत आकड्यांशी जुळला खरा, पण दोन उमेदवारांमधले अंतर अंदाज चुकण्याच्या मर्यादेच्या आतच होते. अशा वेळी नमुन्यावरून एवढेच म्हणता येते की अधिकृत निकाल या अंदाजाशी विसंगत नाही. कोण जिंकले ते सांगायला सगळेच कागद लागतात.

तिरकस

आणि परदेशी निरीक्षकांचे काय? ते मतदानाच्या आधी विमानाने येतात, खिशांची जाकिटे घालून दहा केंद्रांवर हात हलवतात, 'मतदान एकंदरीत शांततेत पार पडले' असे पत्रक काढतात आणि मोजणी संपण्याआधी परतीचे विमान गाठतात. ऑगस्ट २०१७ मध्ये केनियात बड्या निरीक्षकांनी असेच समाधान व्यक्त केले होते. तीन आठवड्यांनी, १ सप्टेंबरला, सरन्यायाधीश डेव्हिड मारागा यांच्या अध्यक्षतेखालील सर्वोच्च न्यायालयाने अध्यक्षपदाची ती निवडणूकच रद्द केली. आफ्रिकेत असे प्रथमच घडले. लग्नाला येऊन जेवणाची तारीफ करून गेलेल्या पाहुण्यांना नंतर कळावे की लग्नच रद्द झाले, तशी निरीक्षकांची अवस्था झाली.

अथीकाठचा

तिरकस, हसू आले, पण निरीक्षक सगळे सारखे नसतात. काही पथके महिनोन्महिने आधी येऊन मतदारयाद्या, प्रचार आणि तक्रारींची सुनावणी पाहतात, फक्त त्यांचे अहवाल कोणी वाचत नाही.

२०१७ मुळे झालेला फायदा मात्र सांगायला हवा. न्यायालयाने आदेश देऊनही निवडणूक आयोगाने आपल्या सर्व्हरची पूर्ण तपासणी होऊ दिली नव्हती आणि त्याचा न्यायालयाच्या निकालपत्रात स्पष्ट उल्लेख आला. पुढच्या खेपेस, २०२२ मध्ये, आयोगाने ४६ हजारांहून अधिक केंद्रांचे '३४-अ' हे निकालपत्रक छायाचित्रासह सार्वजनिक संकेतस्थळावर टाकले. माझ्या कार्यालयातली तेवीस-चोवीस वर्षांची मुले जेवणाच्या सुट्टीत आपापल्या गावच्या शाळेचे पत्रक उघडून पाहत होती. त्यांच्यातल्या एकीने आजोळच्या केंद्रावरच्या बेरजा कागदावर स्वतः करून पाहिल्या आणि म्हणाली, "जुळल्या." तिचा उमेदवार हरला होता. आयोगाच्या सातपैकी चार सदस्यांनी निकालाची जबाबदारी नाकारली, प्रकरण पुन्हा न्यायालयात गेले, ५ सप्टेंबरला निकाल कायम झाला, पण २००८ ची पुनरावृत्ती झाली नाही.

मृण्मयी

मी काही काळ सेनेगालच्या डाकारमध्ये फ्रेंच शिकत होते. वरची चर्चा मोजणीभोवतीच फिरते आहे, म्हणून त्याआधीच्या टप्प्याविषयी लिहिते. २०११ मध्ये तिथल्या रॅप गायकांनी आणि पत्रकारांनी 'यां आ मार' म्हणजे 'आता पुरे' ही चळवळ उभी केली. वीज सतत जात असे, आणि वृद्ध अध्यक्ष अब्दुलाये वाद तिसऱ्यांदा अध्यक्ष होण्यासाठी उभे राहण्याच्या तयारीत होते. या मुलांनी नुसता रोष व्यक्त केला नाही, तर 'दास फनानाल' या नावाने तरुणांची मतदार नोंदणी करवून घेणारी मोहीम काढली आणि मतदार ओळखपत्र हेच आपले हत्यार मानले. मार्च २०१२ मध्ये अध्यक्ष वाद दुसऱ्या फेरीत हरले. त्यांनी पराभव मान्य केला.

विशेष म्हणजे त्यांच्या जागी आलेल्या माकी साल यांनाही पुढे हाच धडा मिळाला. ३ फेब्रुवारी २०२४ रोजी त्यांनी तोंडावर आलेली निवडणूक पुढे ढकलली, पण घटना परिषदेने ती लांबणीवर टाकणे रद्द ठरवले. २४ मार्चला मतदान झाले आणि दहा दिवसांपूर्वीच तुरुंगातून सुटलेले बासिरू जोमाये फाय पहिल्याच फेरीत ५४ टक्क्यांहून अधिक मते घेऊन अध्यक्ष झाले. मधल्या काळात आंदोलनांत बळीही गेले, हे विसरता येत नाही. म्हणून गाण्यांची टर उडवू नये असे मला वाटते. गाणे नोंदणीच्या टेबलापर्यंत नेत असेल तर ते उपयोगाचे आहे. टी-शर्टापाशीच थांबत असेल तर दर्यावर्दींशी सहमत.

ईव्हीएमप्रेमी

इतका खटाटोप कशाला? आपली मतदान यंत्रे द्यावीत, दोन तासांत निकाल लागेल.

दर्यावर्दी

अहो, दिली होती. नोव्हेंबर २०१४ मध्ये नामिबियाने भारतात बनलेली यंत्रे वापरून आफ्रिका खंडातले पहिले इलेक्ट्रॉनिक मतदान घेतले. त्या यंत्रांना पडताळणीची कागदी चिठ्ठी जोडलेली नव्हती. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कागदी पुराव्याविना यंत्रे वापरणे घटनाबाह्य ठरवले आणि देश मतपत्रिकांकडे परतला. गंमत अशी की नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या मतपत्रिकाच अनेक ठिकाणी कमी पडल्या आणि मतदान ३० तारखेपर्यंत वाढवावे लागले. कागद असो की यंत्र, मांडवात पाणी भरणारा हुशार लागतोच.

गणितमास्तर

कागदाचेही कौतुक बेताने करावे. २०१९ मध्ये मलावीत निकालपत्रकांवरचे आकडे चक्क व्हाइटनर लावून बदललेले आढळले. तरुण महिनोन्महिने रस्त्यावर होते आणि लष्कराने अनेकदा आंदोलकांना संरक्षण दिले. घटना न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी ३ फेब्रुवारी २०२० रोजी निवडणूक रद्द केली आणि जूनमधल्या फेरमतदानात विरोधी उमेदवार लाझारस चाक्वेरा जिंकले. तिथे कागद सापडला म्हणून चोरी सापडली, एवढा कागदाचा गुण मान्य करू.

तिरकस

गांबियात ना कागद ना यंत्र. तिथे मतदार काचेची गोटी टाकत असे. प्रत्येक उमेदवाराचा एक पत्र्याचा पिंप असे, गोटी नळीतून आत जाई आणि आतल्या घंटेवर आदळून 'टिंग' असा एकच आवाज होई. दोनदा वाजली तर बाहेरच्या अधिकाऱ्याला कळे की पठ्ठ्याने दोन गोट्या टाकल्या. घंटीच्या आवाजाने घोटाळा होऊ नये म्हणून मतदानाच्या दिवशी केंद्राजवळ सायकलींना मज्जाव असे. बावीस वर्षे सत्तेवर असलेले याह्या जामेह डिसेंबर २०१६ मध्ये याच गोट्यांनी हरले. आधी हार मान्य केली, आठवड्याने शब्द फिरवला, आणि शेजारी देशांच्या फौजा सीमेवर आल्यावर जानेवारीत देश सोडून गेले. गोट्या मात्र मोजायला फार सोप्या होत्या.

पोर्टलुईचा_पाहुणा

माझे पूर्वज कोकणातून मॉरिशसला गेले. माझी मराठी शाळेत शिकलेली आहे, चुका पोटात घालाव्यात. इथे आफ्रिकेविषयी चर्चा चालली की मॉरिशस कोणाला आठवत नाही, आणि आम्हालाही आपण आफ्रिकेत आहोत हे बरेचदा आठवत नाही.

२० मे १९७५ रोजी आमच्या बेटावरचे शाळकरी विद्यार्थी शाळा सोडून पोर्ट लुईकडे चालत निघाले. शिक्षण श्रीमंत-गरिबांना सारखे मिळावे, आणि पुस्तकांतून आमचा देश दिसावा, ही त्यांची मागणी होती. राजधानीच्या वेशीवरच्या ग्रँड रिव्हर नॉर्थ वेस्टच्या पुलावर पोलिसांनी त्यांना अश्रुधुराने अडवले. मोठी माणसे म्हणाली, पोरे बिघडली. वर्ष संपायच्या आत मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले, डिसेंबर १९७६ च्या निवडणुकीत त्या पिढीने मतदान केले आणि १९७७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत झाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदानाच्या तोंडावर सरकारने समाजमाध्यमांवर बंदी घातली, तेव्हा इतका ओरडा झाला की एका दिवसात ती मागे घ्यावी लागली. त्या निवडणुकीत मॉरिशस बेटावरच्या साठच्या साठ जागा विरोधी आघाडीने जिंकल्या.

मला म्हणायचे आहे ते एवढेच, की मुलांना 'शांत राहा' सांगणाऱ्यांनी 'तुमचे म्हणणे काय' हेही विचारावे.

कटुसत्य

वरचे सगळे दाखले गोड शेवटाचे आहेत, म्हणून कडू बाजू मांडतो. जून २०२४ मध्ये केनियाच्या तरुणांनी वित्त विधेयकाविरुद्ध आंदोलन केले. आम्हाला ना टोळी, ना पक्ष, ना नेता, असे ते अभिमानाने सांगत होते, आणि विधेयकातली कलमे आपापल्या बोलीत समजावून सांगत होते. याहून नागरी सहभाग तो काय असणार? २५ जूनला संसदेबाहेर गोळ्या चालल्या. दुसऱ्या दिवशी विधेयक मागे घेतले गेले, पण तिथल्या राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने त्या आंदोलनातल्या साठ मृत्यूंची नोंद केली. शेजारच्या टांझानियात २९ ऑक्टोबर २०२५ च्या निवडणुकीत प्रमुख विरोधी पक्षाला उभेच राहू दिले नाही, त्याचा नेता देशद्रोहाच्या खटल्यात तुरुंगात होता, इंटरनेट बंद केले गेले आणि विद्यमान अध्यक्षांना सुमारे ९८ टक्के मते जाहीर झाली. नायजेरियाने २०१८ मध्ये कायदा करून अध्यक्षपदासाठीचे किमान वय ४० वरून ३५ वर आणले, आणि २०२२ मध्ये सत्ताधारी पक्षाने त्याच पदाच्या उमेदवारी अर्जाची किंमत दहा कोटी नायरा ठेवली. कोणत्या पस्तिशीच्या पोराकडे हे पैसे असतात? अशा ठिकाणी तरुणांना शांततेचे धडे देणे हे चोर सोडून संन्याशाला सुळी देण्यासारखे आहे. शांततेचा जलसा करायचाच असेल तर तो पोलीस मुख्यालयात करावा.

दर्यावर्दी

कटुसत्य यांच्या शेवटच्या वाक्याला अनुमोदन. मोजणीवरचा माझा भर त्यांच्यामुळे थोडा ढिला करावा लागेल. उमेदवारच तुरुंगात असेल तर मोजायचे तरी काय?

शंकासूर

एक व्यावहारिक मुद्दा मांडतो, जो कोणी मांडलेला नाही. केनियात आडनावावरून समुदाय ओळखता येतो ना? मग तुमचे मंडळ स्वयंसेवकांच्या, नव्या मतदारांच्या याद्या करणार असेल तर त्या याद्या म्हणजे कोणत्या गल्लीत कोण राहतो याचा नकाशाच झाला. २००८ सारखी वेळ आली आणि तो कागद भलत्या हाती पडला, तर काय होईल?

अथीकाठचा

शंकासूर, या मुद्द्यासाठी तुम्हाला माझ्याकडून चहा लागू. तो डोक्यात आला नव्हता याची लाज वाटते.

आठवडाभर उत्तर दिले नाही, कारण त्या गटाला भेटून आलो. तुमचे प्रतिसाद त्यांना इंग्रजी-स्वाहिलीत सांगितले. गोट्यांच्या पिंपावर सगळे हसले, टांझानियाच्या उल्लेखावर गप्प झाले. मग मी पोर्टलुईच्या पाहुण्यांचाच प्रश्न विचारला, "जलसा बाजूला ठेवा, तुमचे म्हणणे काय?" एका मुलीने पिशवीतून शाळेची वही काढली. वस्तीतल्या अठरा ओलांडलेल्या मुलांची नावे होती, आणि शेवटच्या रकान्यात स्वाहिलीत शेरे होते. बऱ्याच नावांपुढे एकच शेरा होता, त्याचा अर्थ 'ओळखपत्र तयार आहे, आणलेले नाही'. ओळखपत्राशिवाय मतदार नोंदणी होत नाही, आणि ते घ्यायला जायचे म्हणजे मातातूचे (इथल्या खासगी मिनीबसचे) जाता-येता भाडे आणि एका दिवसाची मजुरी बुडते. ती म्हणाली, जलसा मागितला कारण देणाऱ्या लोकांना जलसे आवडतात. त्यात छायाचित्रे चांगली येतात.

तिला ओडिंगांविषयीही विचारले. ऑक्टोबर २०२५ मध्ये केरळात उपचार घेत असताना ते गेले, आणि पाच वेळा अध्यक्षपदासाठी लढलेला तो माणूस मतपत्रिकेवर नसलेली ही निवडणूक असणार आहे. ती म्हणाली, "आमच्या आईवडिलांची निवडणूक त्यांच्याबरोबर गेली. आमची अजून व्हायची आहे."

मृण्मयी

त्या वहीत आडनावे आहेत का? असतील तर आजच काढून टाकायला सांगा. पहिले नाव आणि एक क्रमांक पुरेसा आहे. वही मंडळाकडे ठेवू नका, तिची छायाचित्रेही काढू नका.

गणितमास्तर

आणि ओळखपत्रांचे काम झाले की त्याच मुलांना ३४-अ कसे वाचायचे ते शिकवा. उभ्या-आडव्या बेरजा, बाद मते, एकूण झालेले मतदान आणि नोंदलेले मतदार यांचा ताळा, एवढे दोन तासांत शिकवून होते. नमुन्याचे तक्ते मी तयार करून देतो. त्यातले आकडे काल्पनिक असतील, म्हणजे कोणत्याही पक्षाचा संशय नको.

ईव्हीएमप्रेमी

मी माझे नाव बदलायचा अर्ज संपादकांकडे केला आहे.

शंकासूर

सप्तपदीचे म्हणणे अंशतः मागे घेतो. टी-शर्टांचे काय ठरले?

अथीकाठचा

टी-शर्ट रद्द झाले. काल मंडळाच्या बैठकीत मातातूचे भाडे, बुडालेल्या मजुरीसाठी अगदी थोडी रक्कम, दोन घडीची टेबले आणि कोऱ्या वह्या मंजूर झाल्या. मजुरीच्या रकमेवर दीड तास वाद झाला, कारण पैसे देऊन मतदार गोळा केले असे कोणी म्हणू शकते. अखेर ती रक्कम वगळून फक्त भाडे ठेवले, आणि ते ओळखपत्र आणायला जाणाऱ्या कोणालाही मिळेल, नोंदणी करो वा न करो. त्या मुलीला फोनवर कळवले. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, वह्या रेघांच्या मिळतील का, कोऱ्या कागदावर तिच्या ओळी वाकड्या जातात.